एका डबल शॉकर सायकलीची दुरुस्ती

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ‘आपलेच वक्ते’ या मालेतील भाषण, थोडे संपादित करून.)



या मालेत आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, मागच्या महिन्यात बाल्कनीतल्या भाज्या झाल्या. सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, “सायकल.” ते म्हणाले, “मग वीस मिनिटं पुरतील ना?” सायकल दिसते साधी, म्हणून असं वाटतं. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडला मशीन शॉपमध्ये गेली. लेथ, मिलिंग, हायड्रॉलिक प्रेस ही माझी रोजची मंडळी. पण निवृत्तीनंतर एका सायकलीने मला सात महिने कामाला लावलं. ती सायकल आज इथे स्टेजवर आणून ठेवली आहे. भाषण संपल्यावर जवळ येऊन बघा, हात लावा. फक्त लहान मुलांनी गिअर उगाच कटकट करू नयेत.

ही पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक आहे, १९९७ सालची. आपण सगळे हिला ‘डबल शॉकर’ म्हणतो, तेव्हा मीही तेच म्हणेन. म्हणजे पुढच्या चिमट्यात स्प्रिंगसारखं काही तरी आहे, आणि मागचं चाक फ्रेमला पक्कं जोडलेलं नसून सांध्यांवर वरखाली हलतं आणि त्याला एक शॉक ॲब्सॉर्बर आहे. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्या काळात बनलेल्या बहुतेक सगळ्याच अशा सायकलींची आज हीच अवस्था असते.

सस्पेन्शन म्हणजे काय, हे समजायला लांब जायला नको. या सभागृहाच्या दाराला वर क्लोजर बसवलेला आहे. त्यात स्प्रिंग आहे, ती दार ओढून घेते. आणि त्यात तेल आहे, ते एका बारीक भोकातून जातं म्हणून दार सावकाश लागतं. तेल गळून गेलं की काय होतं हे तळमजल्यावरच्या मंडळींना विचारा. दार धाडकन आपटतं! स्प्रिंग धक्का पोटात घेते आणि लगेच परत फेकते. तेल त्या परत फेकण्याला लगाम घालतं, धक्क्यातली ताकद उष्णतेत बदलून टाकतं. त्याला डॅम्पिंग म्हणतात. सस्पेन्शनमध्ये ही दोन कामं वेगळी असतात आणि दोन्ही व्हावी लागतात. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं भाषण समजेल.

आता थोडा इतिहास. सायकलला स्प्रिंग लावायची कल्पना फार जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८८५ साली ‘व्हिपेट’ नावाची सायकल निघाली होती. तिचं सीट, हँडल आणि पेडल असा बसणाऱ्याचा सगळा भाग स्प्रिंगवर तरंगता ठेवलेला होता. पण १८८८ मध्ये बेलफास्टला डनलप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, पेटंट घेतलं आणि स्प्रिंगची गरजच बरीचशी संपली. हवेचा टायर हेच सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन. पुढे १९६२ मध्ये ॲलेक्स मोल्टन यांनी छोट्या चाकांची, रबरी सस्पेन्शनची सायकल काढली. हे तेच मोल्टन, ज्यांनी १९५९ च्या ‘मिनी’ मोटारीचं रबरी सस्पेन्शन केलं.

माउंटन बाइकचं गाव मात्र कॅलिफोर्नियातलं मरिन काउंटी. तिथे १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावायचे. सगळ्यात प्रसिद्ध शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ला सुरू झाली. सुमारे दोन मैलांच्या रस्त्यात सुमारे १३०० फूट उतार. त्या सायकलींना पेडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक असायचा. एका उतरणीत तो इतका तापायचा की हबमधलं ग्रीस धूर होऊन जायचं, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवीन ग्रीस भरावं लागायचं. पुन्हा ग्रीस भरणे याला इंग्रजीत ‘रिपॅक’ म्हणतात, म्हणून त्या शर्यतीचंच नाव ‘रिपॅक’ पडलं. मला ही गोष्ट फार आवडते. एका खेळाच्या सगळ्यात गाजलेल्या शर्यतीला देखभालीच्या कामाचं नाव! आपल्याकडे एखाद्या स्पर्धेला ‘ऑइलिंग चषक’ म्हणायची कोणाची हिंमत आहे का?

पुढे मोटोक्रॉसमधून आलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये ‘रॉकशॉक्स’ सुरू केली आणि सायकलीसाठी हवा आणि तेलावर चालणारा चिमटा काढला. चाक वरखाली जायचं सुमारे दोन इंच. लोक हसले. पण १९९० साली कोलोरॅडोत दुरँगो इथे पहिली अधिकृत जागतिक माउंटन बाइक स्पर्धा झाली आणि उतरणीची शर्यत ग्रेग हर्बोल्डने हाच चिमटा लावून जिंकली. मग जी लाट आली ती पुढची दहा वर्षं ओसरली नाही. मागच्या चाकालाही सस्पेन्शन हवं झालं. दरवर्षी नवी मांडणी, नवे सांधे, नवे पेटंट. हॉर्स्ट लाइटनर या मोटोक्रॉसवाल्या ऑस्ट्रियन माणसाने मागच्या चाकाच्या धुरीच्या जरा पुढे एक सांधा बसवला. त्यामुळे ब्रेक लावला किंवा जोरात पेडल मारलं तरी सस्पेन्शन मोकळं राहायला मदत झाली. ते पेटंट १९९८ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने विकत घेतलं, आणि तो सांधा आजही ‘हॉर्स्ट लिंक’ म्हणूनच ओळखला जातो.

याच धामधुमीत बनलेली ही सायकल आपल्या पार्किंगमध्ये कशी आली? ए विंगमधले आपले एक संस्थापक सभासद, ज्यांना आपण सगळे नुसतं ‘काका’ म्हणायचो, ते १९९७ च्या सुमारास कॉम्प्युटरच्या कामासाठी कॅलिफोर्नियात होते. वाय-टू-केच्या आधीचे दिवस. तिकडे त्यांनी ही सायकल घेतली आणि परत आले तेव्हा घरसामानाबरोबर इकडे आणली. इथले सुरुवातीचे रहिवासी त्यांना ओळखतात. पहाटे साडेपाचला वेताळ टेकडीवर जायचे आणि साताला चिखलाने माखून परत यायचे. वॉचमन त्यांना गेटवरच पाइपने धुऊन घ्यायला सांगायचा. पुढे गुडघे थकले, सायकल जिन्याखाली गेली. काका २०१९ मध्ये गेले. सायकल तिथेच राहिली.

मागच्या वर्षी कार्यकारिणीने पार्किंगमधल्या बेवारस सायकलींची नोटीस लावली. महिनाअखेर कोणी हक्क सांगितला नाही तर भंगारात. नोटीस योग्यच होती, मी तिच्या बाजूनेच मत दिलं होतं. त्या महिन्यात काकांची मुलगी माझ्याकडे आली. आपण तिला फ्रॉकमध्ये बघितली आहे, आज ती चौतीस वर्षांची आहे. म्हणाली, “काका, बाबांची सायकल जशी होती तशी करून द्याल का? मला चालवायची आहे.”

त्या वाक्याचे दोन भाग आहेत, ‘जशी होती तशी’ आणि ‘मला चालवायची आहे’. सात महिने काम केल्यावर मला कळलं की हे दोन्ही एकदम होत नाही. आजच्या भाषणात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे.

पहिला प्रश्न होता, चालवण्याजोगी आहे का? भिंतीवर टांगून ठेवायची असती तर पॉलिश करून दिली असती. पण चालवायची म्हणजे उतारावर एका माणसाचा जीव तिच्यावर. फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. पोलादाचा एक गुण असा की ठरावीक मर्यादेच्या आतले धक्के ते जवळजवळ कितीही वेळा सोसू शकतं. ॲल्युमिनियमला तशी सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक धक्का कुठे तरी जमा होतो. म्हणून आधी फ्रेम पूर्ण उघडी केली, रॉकेलने धुतली, आणि जिथे भेगा पडतात त्या जागा बघितल्या. हँडलच्या नळीचा जोड, शॉक जिथे बसतो ते कान, सांध्यांच्या शेजारची वेल्डिंग, पेडलच्या धुरीमागचे दोन दांडे. संशयाच्या जागचा रंग काढून डाय पेनिट्रंट टेस्ट केली. कारखान्यात काम केलेल्यांना माहीत असेल. लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुसून टाकायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. केसाएवढी भेग असली तरी दिसते.

मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, एक जरी लाल रेघ दिसली तर मी ही सायकल करवतीने कापून भंगारात देणार, तुझ्या बाबांची असली तरी. ती गप्प बसून हो म्हणाली. रेघ आली नाही. तेव्हा कुठे काम सुरू झालं.

मग पुढचा चिमटा. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ चिमट्यांत पोलादी स्प्रिंग नसायची. इलॅस्टोमर असायचे, म्हणजे पॉलियुरेथेनच्या स्पंजासारख्या वड्या, एकावर एक रचलेल्या. वजनाला हलक्या, बनवायला सोप्या. चिमटा उघडला तर आत वड्या नव्हत्याच. गुळाच्या चिकीचा पाक जमायच्या आधी असतो तसा तपकिरी चिकटा होता. हे काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी घरी पाहिलेलं आहे. लग्नाकार्यासाठी जपून ठेवलेले चांगले बूट पाच-सहा वर्षांनी कपाटातून काढले की सोल हातात तुकडे होऊन येतो. न वापरता! तो सोलही बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचाच असतो. हवेतला ओलावा त्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत जातो. सायकल चालवली काय आणि ठेवली काय, ही घड्याळं चालूच असतात. “वापरली नाही म्हणजे नवीच आहे” हे वाक्य सायकलीच्या बाबतीत विसरा.

तो चिकटा प्लॅस्टिकच्या पट्टीने आणि चिंध्यांनी काढायला तीन दिवस लागले. लोखंडी पट्टी लावायची नाही, आतल्या बुशला ओरखडा पडतो. तशा वड्या आता सहज मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी काही वर्षांनी पुन्हा तोच पाक. म्हणून पोलादी स्प्रिंग करून घ्यायचं ठरवलं. आपल्याकडे भोसरीत स्प्रिंग करणारे आहेत, त्यातल्या एकाकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तार किती जाडीची?” तो प्रश्न फार महत्त्वाचा. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार ४ मिलिमीटरऐवजी ४.४ घेतली, म्हणजे फक्त दहा टक्के जाड, तर स्प्रिंग ४६ टक्के कडक होते. वेढ्याचा व्यास वाढवला तर ती मऊ होते, वेढे वाढवले तरी मऊ होते. चिमट्याच्या नळीत जागा मोजकी, त्यामुळे वेढ्याचा व्यास ठरलेलाच. मग तार आणि वेढे एवढ्यावरच खेळायचं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. रबरी वडी धक्का घेते आणि त्यातला थोडा स्वतःच गिळून टाकते. पोलादी स्प्रिंग जवळजवळ काहीच गिळत नाही, सगळं परत देते. म्हणजे वड्यांच्या जागी स्प्रिंग बसवली की तेलाच्या डॅम्परवरचं काम वाढतं. नुसती स्प्रिंग टाकून चिमटा बंद केला असता तर दाराचा क्लोजर तेलावाचून! म्हणून डॅम्परही उघडला, त्याचे ओ-रिंग बदलले, तेल बदलताना मूळच्यापेक्षा जरा घट्ट घेतलं. ओ-रिंगसाठी परदेशी पत्र लिहायची गरज नाही. आतला व्यास आणि रिंगची जाडी व्हर्निअरने मोजायची आणि हायड्रॉलिक सीलच्या दुकानात जायचं. बहुतेक मापं ठरावीक असतात, दुकानदार पाचव्या मिनिटाला हातावर ठेवतो.

आता मागचा शॉक. इथे मी आवाज थोडा चढवतो, कारण मुलंही ऐकताहेत. अशा शॉकमध्ये तेलाच्या मागे बंद कप्प्यात नायट्रोजन दाबून भरलेला असतो. मोटारीच्या चाकात साधारण ३२ पीएसआय दाब असतो, इथे त्याच्या अनेक पट. त्याचं तोंड घरी पान्याने उघडायला गेलं तर आतला तुकडा गोळीसारखा सुटू शकतो. ज्या शॉकमध्ये हवा भरतात त्यातलीही सगळी हवा सोडल्याशिवाय तो उघडू नये. मी चाळीस वर्षं हायड्रॉलिक्सजवळ काढली आहेत, तरी हा शॉक मी स्वतः उघडला नाही. डर्ट रेसच्या मोटारसायकलींचे शॉक करणारा एक मुलगा आहे, त्याच्याकडे नायट्रोजन भरायचा सेट आहे. त्याने दाब सोडला, सील बदलले, तेल भरलं, पुन्हा दाब दिला. जे काम ज्याचं, ते त्याच्याकडेच.

शॉक परत आला आणि मग स्प्रिंगचा खरा प्रश्न आला. शॉकच्या बाहेरच्या स्प्रिंगवर ‘६००’ आकडा आहे. म्हणजे ६०० पौंड भार टाकला की ती एक इंच दबते. काकांची एक छोटी वही मुलीने जपून ठेवली होती. तीत त्यांनी प्रत्येक सेटिंग लिहिलेलं. “६००, दोन फेरे, तेल बदलले.” किती शिस्तीचा माणूस! मुलीची इच्छा अशी की वहीप्रमाणेच करा.

मी तिला फळ्यावर हिशोब करून दाखवला, तोच तुम्हाला थोडक्यात सांगतो. डबल शॉकर सायकलीवर माणूस नुसता बसला की मागचा शॉक आपल्या एकूण चालीच्या साधारण पाव भाग दबायला हवा. खड्डा आला की चाकाला खाली उतरायलाही जागा पाहिजे ना, म्हणून. या शॉकची एकूण चाल ३८ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच. म्हणजे बसल्यावर साडेनऊ मिलिमीटर दबला पाहिजे. चाक मात्र तीन इंच हलतं, म्हणजे शॉकच्या दुप्पट. तरफेच्या नियमाने शॉकवर चाकाच्या दुप्पट भार येतो. माणसाच्या वजनाचा अंदाजे साठ टक्के भाग मागच्या चाकावर धरू. काकांचं वजन ८२ किलो. हिशोब केला तर उत्तर येतं जवळपास ५८०. म्हणून त्यांनी ६०० ची स्प्रिंग लावली होती. अगदी बरोबर.

मुलीचं वजन ५६ किलो. तिच्यासाठी उत्तर येतं जवळपास ४००. तिने वडिलांची स्प्रिंग ठेवली तर ती बसल्यावर शॉक साडेनऊऐवजी फक्त सहा मिलिमीटर दबेल. दगडावरून जाताना मागचं चाक टेकायच्याऐवजी उडेल, आणि वळणावर नेमकं तेव्हाच घसरेल. वडिलांसाठी उत्तम असलेली सायकल तिच्यासाठी धोक्याची झाली असती. स्प्रिंगमध्ये दोष काहीच नाही, फक्त ती ज्याच्यासाठी होती तो माणूस आता नाही.

ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझ्यासाठी नवीन करावी लागेल.” भोसरीहून ४०० ची स्प्रिंग करून आणली. पुढच्या चिमट्याची स्प्रिंगही तिच्याच वजनाची. आणि वडिलांची ६०० ची स्प्रिंग तिने टेबलावर उभी करून ठेवली आहे, तीत पेनं ठेवते. वहीत वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली तिच्या अक्षरात नवीन ओळ आहे: “४००.”

राहिले सांधे. मागचं चाक ज्या चौकटीवर हलतं तिला जेवढे सांधे तेवढे बुश किंवा बेअरिंग. मुख्य सांध्यात ६०८ नंबरची बेअरिंग निघाली. आतून ८, बाहेरून २२ आणि रुंदी ७ मिलिमीटर. मुलांच्या स्केट्समध्ये हीच असतात, कुठेही मिळतात. बाकीच्या सांध्यांत प्लॅस्टिकचे बुश होते, ते झिजून कागदासारखे झाले होते. ते आमच्या जुन्या टर्नरकडून डेल्रिनचे करून घेतले. टायरची काळजी नको. २६ इंची चाकं परदेशात मागे पडली असली तरी आपल्या बाजारात त्या मापाचे टायर सर्रास मिळतात. आठ गिअरची चेनही मिळते.

बुशबद्दल दोन शब्द जास्त बोलतो. बुश झिजण्यासाठीच बनवलेला असतो. त्याने झिजायचं आणि फ्रेम वाचवायची, हीच त्याची नोकरी. तो वेळेवर बदलला तर शे-दोनशे रुपयांत काम होतं. नाही बदलला तर बोल्ट सरळ फ्रेमचं भोक खायला लागतो, आणि फ्रेम गेली की सायकल गेली. या सायकलीत एका कानाचं भोक अर्धा मिलिमीटर लंबगोल झालं होतं. आणखी एक पावसाळा चालवली असती तर आज दाखवायला काही नसतं. ते भोक बोअर करून स्लीव्ह बसवावी लागली. सगळ्या कामात सगळ्यात महाग तेवढंच पडलं.

आता तुम्ही म्हणाल, रौप्यमहोत्सवात हे सायकलपुराण कशाला? आपली इमारत आणि ही सायकल साधारण एकाच वयाच्या आहेत. आपल्याकडेही झिजण्यासाठी बनवलेल्या वस्तू आहेत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पंपाचं सील, लिफ्टचे दोर, पाइपांचे जोड. त्यांचा खर्च सभेत आला की आपण म्हणतो, “अजून वर्षभर चालेल की.” चालतंही. पण त्या वर्षात बोल्ट भोक खात असतो. गच्चीचं पाणी सळईपर्यंत पोचलं की मग बुशचा खर्च राहत नाही, फ्रेमचा होतो.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्यात मुलांच्या तीनचाकी सायकली होत्या. आज त्याच जिन्यात वॉकर आणि काठ्या आहेत. इमारत त्या वेळच्या आपल्या वजनाला, आपल्या गुडघ्यांना सेट केलेली होती. प्रवेशदाराशी रॅम्प आणि जिन्याला दुसऱ्या बाजूने कठडा, हा विषय दोन सभांमध्ये पुढे ढकलला गेला. “मूळ प्लॅनमध्ये नव्हतं” असं कोणी तरी म्हणालं. खरं आहे, नव्हतं. काकांच्या वहीतही ४०० नव्हतं. चांगली डागडुजी म्हणजे वस्तू पूर्वीसारखी करणं एवढंच नाही. आज जो वापरणार आहे त्याला ती बेताची बसली पाहिजे. येत्या सभेत हा विषय पुन्हा येईल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

शेवटी कामाचं. घरात मुलांच्या डबल शॉकर सायकली आहेत. स्वस्त सायकलीत पुष्कळदा मागे नुसती स्प्रिंग असते, तेल नसतं. म्हणून तिला कमी लेखू नका, पण महिन्यातून एकदा पाच मिनिटं द्या. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, चिमट्यात किंवा हँडलच्या नळीत खटखट आली तर दाखवून घ्या. सीट धरून मागचं चाक जरासं उचला आणि सोडा. उचलताना आधी रिकामा खेळ जाणवला तर सांध्याचा बुश किंवा बोल्ट बघायला हवा. शॉकवर तेलाचा ओघळ आहे का बघा. ओल्या फडक्याने फ्रेम पुसताना वेल्डिंगजवळ रंगाला बारीक तडा दिसला तर त्या दिवसापासून सायकल बंद. तेल चेनला घाला, रिमला नाही, नाहीतर ब्रेक लागायचा नाही. आणि गाड्या धुतात त्या जोराच्या पाण्याने सांधे धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. ती ‘रिपॅक’ शर्यत उगाच आपल्या पार्किंगमध्ये होईल.

नोटिशीनंतर पार्किंगमध्ये अजून अकरा सायकली उभ्या आहेत. कार्यकारिणीने मला त्या बघायची परवानगी दिली आहे. त्यांचे तीन भाग करू. थोड्या कामात चालू होतील त्या एकीकडे, ज्यांचे सुटे भाग कामाला येतील त्या दुसरीकडे. आणि ज्यांची फ्रेम तडकली आहे त्या कापूनच भंगारात, म्हणजे कोणी उचलून चालवणार नाही. येत्या रविवारी सकाळी साडेसात ते दहा, स्टिल्ट पार्किंगमध्ये, ए विंगच्या बाजूला. ज्यांना यायचं आहे त्यांनी जुने कपडे घालून यावं. पाने, रॉकेल आणि चिंध्या माझ्याकडून. चहा सेक्रेटरींकडून, हे त्यांनाही आत्ताच कळतंय.

वीस मिनिटांची चाळीस झाली.